व्यावसायिक गोल्फपटूची कारकीर्द नेमकी कशी चालते?

व्यावसायिक गोल्फपटूला पगार नसतो. फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा खेळाडू एखाद्या क्लबशी करार करतो आणि अख्खा हंगाम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून काढला, तरी ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात जमा होत राहते; प्रवास, निवास, प्रशिक्षक, डॉक्टर यांचा भार संघ उचलतो. गोल्फपटूच्या पाठीशी असा संघ नसतो. तो स्वतःच्या खर्चाने स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचतो, स्वतःचा कॅडी (साहित्याची पिशवी वाहणारा साहाय्यक) स्वतः नेमतो आणि त्या आठवड्यात खेळ जमला नाही, तर बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. रविवारी संध्याकाळी करंडक उंचावणाऱ्या विजेत्याचे छायाचित्र पाहून या खेळात अमाप पैसा असावा असे वाटते, आणि तो आहेही. पण तो कोणाला, कशाच्या बळावर आणि किती काळ मिळतो, हे पाहू लागलो की या कारकिर्दीचे खरे स्वरूप उलगडते. माझ्या मते तिचे मर्म असे, की गोल्फपटूची खरी झुंज पैशासाठी नसून खेळण्याच्या हक्कासाठी असते. कोणत्या स्पर्धेत उतरता येईल हे एकदा ठरले, की कमाई, प्रायोजक, क्रमवारी आणि प्रतिष्ठा या सगळ्या गोष्टी त्यावरून ठरत जातात.

गोल्फमध्ये हौशी आणि व्यावसायिक असे दोन वर्ग आहेत आणि त्यांच्यातील रेषा कौशल्याची नसून पैशाची आहे. हौशी खेळाडू मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत खेळू शकतो, ती जिंकूही शकतो. मात्र तिथल्या बक्षिसाच्या रकमेला तो हात लावू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये निक डनलॅप या वीस वर्षांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतली अमेरिकन एक्सप्रेस स्पर्धा जिंकली. १९९१ मध्ये फिल मिकेलसनने हौशी असताना असा विजय मिळवला होता, त्यानंतरचा हा पहिलाच. विजेत्याचे १५ लाख १२ हजार डॉलर मात्र दुसऱ्या क्रमांकावरील क्रिस्टियान बेझौडेनहाउटला मिळाले. डनलॅपच्या पदरात पैशापेक्षा मोलाची गोष्ट पडली, ती म्हणजे पीजीए टूरवर पुढील दोन हंगाम खेळण्याचा हक्क. आणि काही दिवसांतच त्याने आपण व्यावसायिक झाल्याचे जाहीर केले. बहुतेकांच्या वाट्याला अशी सुरुवात येत नाही. एकदा व्यावसायिक झाले, की हौशी दर्जासाठी रीतसर अर्ज करून तो परत मिळवावा लागतो. त्यामुळे हा निर्णय केव्हा घ्यायचा, हाच तरुण खेळाडूपुढचा पहिला गंभीर प्रश्न असतो.

‘व्यावसायिक’ या एका नावाखाली दोन निरनिराळे पेशेही येतात. एखाद्या क्लबवर सदस्यांना शिकवणारा, तिथल्या स्पर्धा आणि साहित्याचे दुकान सांभाळणारा तो क्लब प्रोफेशनल. आणि गावोगावच्या स्पर्धा खेळून बक्षिसांवर जगणारा तो टूर प्रोफेशनल. अमेरिकेत १९१६ मध्ये स्थापन झालेल्या पीजीए या संघटनेत दोघेही एकत्र होते. दूरचित्रवाणीमुळे स्पर्धांमध्ये पैसा वाढला, त्या पैशावर अधिकार कोणाचा यावरून वाद झाला आणि १९६८ मध्ये स्पर्धा खेळणारे खेळाडू वेगळे झाले; त्यातूनच आजची पीजीए टूर उभी राहिली. युरोपमधील टूर १९७२ पासूनची आहे आणि आज ती डीपी वर्ल्ड टूर या नावाने चालते. स्त्रियांची एलपीजीए १९५० मध्ये तेरा खेळाडूंनी मिळून स्थापन केली.

आता एका स्पर्धेचा आठवडा कसा असतो ते पाहू, कारण संपूर्ण कारकीर्द अशाच आठवड्यांची मिळून बनते. सोमवार ते बुधवार सराव, मैदानाची पाहणी आणि प्रायोजकांच्या पाहुण्यांबरोबरची मैत्रीपूर्ण फेरी यांत जातात. गुरुवारपासून रविवारपर्यंत रोज १८ होलची (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खड्डा) एक फेरी, म्हणजे चार दिवसांत ७२ होल खेळले जातात आणि एकूण सर्वांत कमी फटके मारणारा जिंकतो. शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे ३६ होल झाल्यावर, ‘कट’ लागतो. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत पहिले ६५ खेळाडू आणि त्या क्रमांकावर बरोबरीत असणारे सगळे पुढे जातात. मास्टर्समध्ये ही मर्यादा ५०, अमेरिकन ओपनमध्ये ६० आणि ब्रिटनच्या ओपनमध्ये ७० आहे. कटच्या खाली राहिलेल्या खेळाडूचा आठवडा तिथेच संपतो. मेजर म्हणवल्या जाणाऱ्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्ये अशा व्यावसायिकांनाही थोडी रक्कम मिळते, पण नेहमीच्या स्पर्धेत बक्षिसाच्या पैशातला वाटा शून्य असतो. शंभराहून अधिक खेळाडू उतरलेले असताना जवळपास निम्मे जण शुक्रवारीच सामान आवरतात, ही या व्यवसायातली दर आठवड्याची वस्तुस्थिती आहे.

कट पार केलेल्यांमध्येही पैशाची वाटणी अतिशय विषम असते. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत एकूण बक्षीस रकमेच्या १८ टक्के विजेत्याला, १०.९ टक्के दुसऱ्याला आणि ६.९ टक्के तिसऱ्याला मिळतात. एकूण रक्कम १ कोटी डॉलर धरली, तर विजेत्याला १८ लाख, दुसऱ्याला १० लाख ९० हजार आणि तिसऱ्याला ६ लाख ९० हजार डॉलर मिळतील. साठाव्या क्रमांकाचा वाटा मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. बरोबरी झाली, तर त्या सगळ्या क्रमांकांच्या रकमा एकत्र करून सारख्या वाटल्या जातात. वरच्या उदाहरणात दोघे दुसऱ्या स्थानावर बरोबरीत राहिले, तर दोघांना प्रत्येकी ८ लाख ९० हजार डॉलर मिळतील. म्हणजे शेवटच्या होलवर एक पट (चेंडू होलमध्ये घालण्यासाठी जवळून मारलेला हलका फटका) हुकला आणि एकट्याने मिळवलेले दुसरे स्थान बरोबरीत आले, की एका फटक्याची किंमत २ लाख डॉलर होते. फटक्याची एवढी थेट किंमत मोजावी लागणारे खेळ फार थोडे असतील, आणि शेवटच्या काही होलवर कसलेल्या खेळाडूंचेही हात का थरथरतात, याचे एक कारण इथे आहे.

स्वतःची जबाबदारी स्वतः वाहण्याचे तत्त्व या खेळात टोकाला गेलेले आहे. गुणपत्रिका सहखेळाडू भरतो, पण ती तपासून सही करण्याची जबाबदारी खेळाडूची असते. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. सहखेळाडूने चुकून चार लिहिले, दे विसेन्झोने न तपासता सही केली आणि नियमानुसार लिहिलेला जास्तीचा आकडाच कायम राहिला. प्रत्यक्षात तो बॉब गोल्बीशी बरोबरीत होता आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारी जादा लढत, खेळला जायला हवा होता. तो त्या एका सहीने हातचा गेला.

कमाईतून खर्च वजा जातो. विमानाचे भाडे, हॉटेल, प्रशिक्षक, शरीराची काळजी घेणारा तज्ज्ञ, व्यवस्थापकाचा वाटा आणि निरनिराळ्या देशांतले कर हे सगळे खेळाडूच्याच खिशातून जाते. कॅडीला आठवड्याचे ठरावीक मानधन आणि त्यावर बक्षिसातला हिस्सा देण्याची पद्धत आहे: साधारणपणे विजयाच्या रकमेतून दहा टक्के, पहिल्या दहांत आल्यास सात आणि एरवी पाच टक्के. कॅडीला केवळ पिशवी वाहणारा समजणे चुकीचे आहे. अंतर, वारा, उतार यांचा हिशेब तो करतो आणि चार तासांच्या फेरीत खेळाडूशी बोलण्याची मोकळीक असलेला तो एकमेव सल्लागार असतो. तरुण खेळाडूच्या बाबतीत मात्र खर्चाचा आकडा आधी ठरलेला असतो आणि उत्पन्नाचा कधीच ठरलेला नसतो. हा ताण कमी करण्यासाठी पीजीए टूरने २०२२ मध्ये आपल्या पूर्ण हक्काच्या खेळाडूंना हंगामाला किमान ५ लाख डॉलरची हमी देण्याचे जाहीर केले. त्या हंगामातली कमाई यापेक्षा कमी पडली, तर उरलेली रक्कम टूर भरून देते. गोल्फच्या इतिहासात ही मोठी सुधारणा आहे, असे मला वाटते. पण ती वरच्या पायरीवर पोहोचलेल्यांपुरतीच आहे.

ती पायरी म्हणजेच ‘टूर कार्ड’. कार्ड म्हणजे एका हंगामात त्या टूरच्या स्पर्धांमध्ये उतरण्याचा हक्क. तो विकत घेता येत नाही, खेळून मिळवावा लागतो, आणि बहुतेकांना तो दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. पीजीए टूरवर कित्येक वर्षे हंगामाच्या गुणतक्त्यातील पहिले १२५ जण कार्ड राखत असत. २०२६ च्या हंगामापासून ही संख्या १०० वर आणली गेली आहे. शंभरावा खेळाडू आणि एकशे पहिला खेळाडू यांच्यात वर्षभराच्या खेळात एखाददुसऱ्या पटचा फरक असू शकतो. पण पहिल्याला पुढच्या वर्षाचे वेळापत्रक आखता येते आणि दुसऱ्याला कोणत्या आठवड्यात जागा मिळेल याची वाट पाहावी लागते. म्हणूनच शरद ऋतूतल्या शेवटच्या काही स्पर्धांमध्ये आघाडीवर कोण आहे यापेक्षा शंभराव्या क्रमांकाच्या आसपास काय चालले आहे, हे पाहणे मला अधिक बोलके वाटते.

वर जाण्याचा मुख्य मार्ग खालच्या टूरमधून आहे. अमेरिकेत हे काम १९९० मध्ये सुरू झालेली आणि आज कॉर्न फेरी टूर म्हणून ओळखली जाणारी मालिका करते. हंगामअखेरच्या तक्त्यातील पहिले वीस जण तिथून पीजीए टूरवर जातात, पूर्वी ही संख्या तीस होती. युरोपमध्ये हीच भूमिका चॅलेंज टूर बजावत आली आहे. पुढे पाच मेजर जिंकणारा अमेरिकेचा ब्रूक्स केप्का २०१२ मध्ये याच युरोपीय चॅलेंज टूरवर खेळत होता. २०१३ मध्ये त्याने तिथे एकाच हंगामात तीन स्पर्धा जिंकून वरच्या टूरवर बढती मिळवली आणि २०१७ मध्ये अमेरिकन ओपन जिंकली. मायदेशातले दार उघडेना तेव्हा परक्या देशांत, तुटपुंज्या बक्षिसांच्या स्पर्धांमध्ये खेळ घडवण्याचा हा मार्ग अनेकांनी पत्करला आहे.

दुसरा मार्ग ‘क्वालिफाइंग स्कूल’चा. नावात शाळा असली तरी ती टप्प्याटप्प्याने होणारी परीक्षा आहे. खेळाडू प्रवेशशुल्क भरून पहिल्या टप्प्यात उतरतात, तिथून निवडलेले पुढे जातात आणि अंतिम टप्प्यावर मूठभर कार्डे दिली जातात. पीजीए टूरने २०१३ ते २०२२ या काळात हा थेट मार्ग बंद ठेवला होता; तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा अंतिम टप्प्यातून फक्त पाचएक कार्डांची सोय ठेवली गेली. युरोपच्या पात्रता परीक्षेचा अंतिम टप्पा सहा फेऱ्यांचा, म्हणजे १०८ होलचा असतो. वर्षभराची मेहनत, घरच्यांचे किंवा एखाद्या आश्रयदात्याचे पैसे आणि पुढच्या वर्षाचे सगळे बेत या एका आठवड्यावर टांगलेले असतात. इथे एका फटक्याने मागे पडलेल्याला वर्षभर खालच्या टूरवर काढावे लागते. मेजरच्या अखेरच्या दिवशीपेक्षाही इथला ताण मोठा असतो असे कित्येक खेळाडू मानतात आणि त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

तिसरी वाट अगदी अरुंद आहे. काही स्पर्धांमध्ये सोमवारी एका फेरीची पात्रता स्पर्धा होते आणि त्यातून मोजक्याच जागा भरल्या जातात. अर्जुन अटवालचे उदाहरण या संदर्भात कायम सांगितले जाते. खांद्याच्या दुखापतीने तो बराच काळ बाहेर होता आणि २०१० च्या उन्हाळ्यात त्याच्या कार्डाची मुदत संपली. ऑगस्टमध्ये त्याने सोमवारची पात्रता फेरी खेळून विंडम चॅम्पियनशिपमध्ये जागा मिळवली आणि रविवारी ती स्पर्धा जिंकली. १९८६ नंतर सोमवारच्या पात्रतेतून आलेल्या खेळाडूचा पीजीए टूरवरील हा पहिला विजय होता, आणि टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. एका आठवड्यात त्याचे स्थान पूर्ण बदलले, कारण विजयाबरोबर त्याचे कार्डही परत आले. नेहमीच्या स्पर्धेतील विजय दोन वर्षांची, तर मेजरमधील विजय पाच वर्षांची निश्चिंती देतो. या निश्चिंतीचे मोल बक्षिसाच्या धनादेशाहून मोठे असते: दुखापत झाली, स्विंगमध्ये, म्हणजे फटका मारण्याच्या हालचालीत, बदल करायचा ठरवला किंवा काही महिने खेळ बिघडला, तरी दार बंद होत नाही.

कार्डाच्या जोडीला जागतिक क्रमवारीचे महत्त्व आहे. ती १९८६ मध्ये सुरू झाली आणि तिचा हिशेब समजायला कठीण नाही. गेल्या दोन वर्षांतल्या, म्हणजे १०४ आठवड्यांतल्या कामगिरीचे गुण धरले जातात. मिळवलेल्या गुणांचे मूल्य पहिले १३ आठवडे पूर्ण राहते आणि त्यानंतर दर आठवड्याला समान प्रमाणात घटत दोन वर्षांनी शून्यावर येते. उरलेल्या गुणांच्या बेरजेला खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागतात. हा भाजक ४० पेक्षा कमी आणि ५२ पेक्षा जास्त धरला जात नाही. याचा अर्थ असा, की खेळाडू घरी बसला तरी त्याचे गुण झिजत राहतात, आणि स्पर्धा कमी खेळल्या तरी भागाकार निदान चाळीसने होतो. टायगर वुड्स एकूण ६८३ आठवडे अव्वल स्थानी होता. पाठीच्या शस्त्रक्रियांनंतर २०१७ च्या अखेरीस तो मैदानात परतला, तेव्हा त्याचा क्रमांक ११९९ होता. एप्रिल २०१९ मध्ये त्याने मास्टर्स जिंकली. पहिल्या पन्नासांत असणे हा यातला महत्त्वाचा उंबरठा मानला जातो, कारण मास्टर्ससह काही मोठ्या स्पर्धांचे निमंत्रण त्यावरून मिळते. आणि मोठ्या स्पर्धांत गुण जास्त असल्याने आत असलेल्याला आत टिकणे तुलनेने सोपे जाते, बाहेरच्याला आत येणे तितकेच अवघड.

चार मेजर स्पर्धा या सगळ्या रचनेच्या शिखरावर आहेत: ब्रिटनची ओपन १८६० पासून, अमेरिकन ओपन १८९५ पासून, पीजीए चॅम्पियनशिप १९१६ पासून आणि मास्टर्स १९३४ पासून. जॅक निकलॉसच्या नावावर अशी १८ विजेतेपदे आहेत, वुड्सच्या नावावर १५. इतिहासात खेळाडूची नोंद प्रामुख्याने मेजरवरून होते आणि मास्टर्सच्या विजेत्याला तर ती स्पर्धा पुढे आयुष्यभर खेळता येते.

मग वर पोहोचणारा आणि खाली राहणारा यांच्यात फरक तरी किती असतो? सामान्य प्रेक्षकाला तो दिसणारही नाही इतका. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी तो मोजण्याची ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही पद्धत विकसित केली आणि पीजीए टूरने २०११ पासून ती पटिंगसाठी वापरायला सुरुवात केली. कल्पना अशी: टूरवरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मे पट पहिल्याच फटक्यात होलमध्ये घालतात. म्हणजे आठ फुटांवरून सरासरी दीड फटका लागतो. एखाद्याने तो एका फटक्यात घातला, तर त्याने सरासरी खेळाडूवर अर्धा फटका कमावला. दोन लागले, तर अर्धा गमावला. मैदानावरच्या प्रत्येक अंतरासाठी अशी सरासरी काढली, की कोणता खेळाडू कोणत्या प्रकारच्या फटक्यात पुढे आहे हे स्वच्छ दिसते. पटिंगवरच सामने जिंकले जातात, अशी जुनी समजूत होती. ब्रोडी यांच्या विश्लेषणात मात्र सर्वोत्तम खेळाडूंच्या आघाडीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग लांबून मारलेल्या फटक्यांतून येतो असे दिसले. या माहितीने सरावाची दिशा बदलली. ताकदवान ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचा लांब फटका) आणि ग्रीनकडे (होलभोवतीच्या आखूड गवताकडे) जाणारे लांबचे अचूक फटके यांवर आजचे तरुण खेळाडू एवढा वेळ का देतात, त्याचे उत्तर यात आहे.

एवढ्या बारीक फरकावर उभी असलेली कारकीर्द कोसळूही शकते, आणि कोसळते तेव्हा कारण नेहमी शरीरात सापडत नाही. इयान बेकर-फिंचने १९९१ मध्ये ब्रिटनची ओपन जिंकली. त्यानंतर आपला स्विंग अधिक चांगला करण्याच्या प्रयत्नात तो हरवत गेला. १९९७ च्या ओपनमध्ये पहिल्याच फेरीत त्याला ९२ फटके लागले आणि त्याने स्पर्धात्मक खेळातून माघार घेतली. डेव्हिड ड्युव्हल १९९९ मध्ये जगात अव्वल होता, २००१ मध्ये त्याने ओपन जिंकली आणि त्यानंतर पीजीए टूरवर तो एकदाही जिंकू शकला नाही. ही माणसे आळशी झाली नव्हती. गोल्फच्या स्विंगमध्ये शरीराचा जवळजवळ प्रत्येक सांधा भाग घेतो, चेंडू स्थिर असतो, विचार करायला भरपूर वेळ असतो आणि एकदा स्वतःच्या हालचालीविषयी शंका आली, की प्रत्येक फटक्याआधी ती शंका परत येते. याच्या उलट स्टीव्ह स्ट्रिकरकडे पाहावे. तिशीच्या उत्तरार्धात त्याने कार्ड गमावले, आयोजकांच्या निमंत्रणांवर खेळत खेळ सावरला, २००६ आणि २००७ अशी सलग दोन वर्षे पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला आणि २००९ मध्ये तो जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचला. शरीराच्या बाबतीत बेन होगनचे नाव घ्यायलाच हवे: फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसने समोरासमोर धडक दिली, तो पुन्हा चालेल की नाही अशी शंका होती आणि १९५० मध्ये त्याने अमेरिकन ओपन जिंकली. त्या काळी शेवटच्या दिवशी ३६ होल खेळावे लागत, आणि बरोबरी झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी आणखी १८.

स्त्रियांच्या कारकिर्दीचा सांगाडा असाच आहे: खालची टूर, पात्रता परीक्षा, कार्ड, क्रमवारी. पैसा मात्र कमी आहे. २०२४ मध्ये पुरुषांच्या अमेरिकन ओपनची बक्षीस रक्कम २ कोटी १५ लाख डॉलर होती, स्त्रियांच्या ओपनची १ कोटी २० लाख. आणि ही स्त्रियांच्या गोल्फमधली सर्वांत श्रीमंत स्पर्धांपैकी एक. लहान स्पर्धांमध्ये तफावत याहून मोठी दिसते, खर्च मात्र तेवढाच राहतो. जगातल्या अव्वल स्थानी असतानाच लोरेना ओचोआने २०१० मध्ये, २८ व्या वर्षी निवृत्ती घेतली, कारण तिला कुटुंबाला वेळ द्यायचा होता. कॅट्रिओना मॅथ्यूने मात्र दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, २००९ मध्ये, ३९ व्या वर्षी ब्रिटिश ओपन जिंकली. जिथे घरी बसल्याबसल्या गुण झिजतात अशा व्यवसायात मातृत्वाच्या काळात खेळण्याचा हक्क सुरक्षित राहणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको.

बक्षिसांखेरीजचे उत्पन्न प्रायोजकांकडून येते. त्याची आधुनिक सुरुवात १९६० मध्ये झाली, असे म्हणता येईल: आर्नोल्ड पामर आणि वकील मार्क मॅकॉर्मॅक यांनी हस्तांदोलनावर व्यवहार पक्का केला आणि खेळाडूचे नाव, चेहरा आणि सभ्य प्रतिमा हे स्वतंत्र उत्पन्नाचे साधन झाले. टोपीवरचे चिन्ह, बाहीवरचे नाव, पिशवीतले साहित्य या प्रत्येक गोष्टीचा वेगळा करार असतो आणि त्यात किती स्पर्धा खेळायच्या, क्रमवारी घसरली तर रक्कम किती कमी होणार अशा अटी असतात. त्यामुळे कार्ड गेले, की प्रायोजकही दूर जाण्याचा धोका उभा राहतो. या सगळ्या रचनेला सर्वांत मोठा धक्का जून २०२२ मध्ये बसला. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पैशावर लिव्ह गोल्फ ही मालिका सुरू झाली: ४८ खेळाडू, ५४ होल, कट नाही, शेवटच्या क्रमांकालाही पैसे आणि नामवंतांना करारापोटी प्रचंड रकमा. पीजीए टूरने तिकडे गेलेल्यांना निलंबित केले. गोल्फपटूला प्रथमच हमीचे उत्पन्न मिळाले, पण क्रमवारीचे गुण नसल्याने मेजरमध्ये प्रवेश मिळवणे अनेकांना जड गेले. पैशाच्या मागे गेलेल्या माणसाला दोष देणे मला योग्य वाटत नाही, कारण वर वर्णन केलेली अनिश्चितता त्याने वर्षानुवर्षे सोसलेली असते. पण पैसा असूनही प्रवेश हातचा जाऊ शकतो, हे त्या काळात उघड झाले.

वयाच्या बाबतीत गोल्फ उदार आहे. टॉम वॉटसन २००९ मध्ये ५९ व्या वर्षी ओपनच्या प्लेऑफपर्यंत पोहोचला होता आणि मिकेलसनने २०२१ मध्ये पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप जिंकून सर्वांत वयस्कर मेजर विजेत्याचा मान मिळवला. तरीही बहुतेकांसाठी चाळिशीनंतरची वर्षे कठीण असतात. चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही आणि कार्ड निसटते. पन्नाशी पूर्ण होताच मात्र दुसरी संधी येते. अमेरिकेत १९८० पासून ज्येष्ठांची वेगळी टूर आहे, तिथे बहुतेक स्पर्धा ५४ होलच्या असतात. बर्नहार्ड लँगरने तिथे ४७ विजय मिळवले आहेत. त्यांपैकी सत्तेचाळिसावा २०२४ मध्ये, ६७ व्या वर्षी, त्याच वर्षी घोट्यामागच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झालेली असताना. त्या टूरवरही जागा मोजक्याच असतात आणि पूर्वीच्या विजयांच्या जोरावर नामवंतांना अग्रक्रम मिळतो, म्हणून तिशीत जिंकलेली एखादी स्पर्धा वीस वर्षांनीही उपयोगी पडते.

ज्यांना या पायऱ्या चढता येत नाहीत, ते बहुधा शिकवण्याकडे वळतात आणि क्लब प्रोफेशनल होतात. त्यांच्यासाठी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये २० जागा राखून ठेवलेल्या असतात. २०२३ मध्ये ओक हिल येथे झालेल्या या स्पर्धेत ४६ वर्षांचा मायकेल ब्लॉक हा क्लब प्रोफेशनल कट पार करून गेला, रविवारी रॉरी मॅकिलरॉयच्या जोडीने खेळताना त्याने एकाच फटक्यात होल साधला आणि तो पंधराव्या स्थानावर बरोबरीत राहिला. त्याला सुमारे २ लाख ८८ हजार डॉलर मिळाले. पुढच्याच आठवड्यात आयोजकांच्या निमंत्रणावरून तो टूरच्या दुसऱ्या स्पर्धेत खेळला, पण तिथे त्याला कट पार करता आला नाही. पहिल्या पंधरांत आल्यामुळे पुढच्या वर्षीच्या पीजीए चॅम्पियनशिपमधली जागा मात्र त्याला वेगळी पात्रता न खेळता मिळाली.